नोकरी सोडून क्राफ्ट ब्रूअर व्हायचंय, आधीचा अनुभव वाया जाईल का?

'वाया' हे वाचलं आणि राहवलं नाही, नाहीतर या विषयावर मी लिहीत नाही. तुम्ही ३४ चे, बेळगावात मशीन शॉपला क्वालिटीत, आणि 'बीअर डिझायनर' व्हायचंय. मी उद्यमबागेत फाउंड्रीत होतो, आता बेंगळुरात एका ब्रूपबमध्ये (स्वतःची बीअर तिथंच करणारा पब) बीअर करायलोय. काही वाया जात नाही. वाया जातं म्हणणाऱ्यांनी आयुष्यात एक व्हॉल्व्ह फिरवलेला नसतो.

आमचे दाजी अथणीकडचे, शेतकरी, माळकरी. मी राजीनामा दिला तेव्हा भाच्याच्या बारशात सगळ्यांसमोर म्हणाले, "इंजिनियरिंगला घातलेला पैसा गटारात गेला बगा." पुढं आम्ही जोंधळ्याची बीअर करायची ठरवली तेव्हा जोंधळा मुद्दाम त्यांच्याकडूनच मागवला (रोख पैसे देऊन). रेसिपी काढणारा पोरगा बाहेर शिकून आलेला, हुशार, कागदावर सगळं झकास, ७० टक्के बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), ३० टक्के जोंधळा, पण त्याला जोंधळा माल्टबरोबरच ६५ डिग्रीला भिजवायचा होता. अरे बाबा, त्या टेंपरेचरला जोंधळ्याचा स्टार्च नीट फुलतच नाही, आणि वर चढवलं की माल्टमधली, स्टार्चची साखर करणारी एन्झाइम मरतात. म्हणून पीठ आधी वेगळं शिजवायचं, आंबील करतो तसं, आणि मग मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टमध्ये, सोडायचं. दुसरं म्हणजे मळलेल्या जोंधळ्याला टरफल नसतं, त्यामुळं गाळताना थर गच्च बसतो आणि वॉर्ट, म्हणजे बीअर व्हायच्या आधीचं गोड पाणी, खाली उतरतच नाही. फाउंड्रीत मी रोज वाळूची पर्मिएबिलिटी तपासायचो, थरातून हवा जाते का नाही हे बघायची सवयच लागलेली, म्हणून मी म्हटलं भाताचं तूस घाला. खानापूरच्या राइस मिलमधनं पोती आणली, तूस धुऊन मिसळलं, आणि वॉर्ट असा खळाळत आला की तो पोरगा गप्पच. आता सांगा, काय गेलं गटारात?

तेव्हाच दाजी कोर्टाच्या कामाला बेंगळुरात आलेले, त्यांना आत नेलं. यीस्ट घालायच्या आधीचा गोड वॉर्ट वाटीत दिला, दोनदा विचारलं, "ह्यात अजून दारू नाही न्हवं?" मग घोटभर घेतला. गाळून उरलेला ओला चोथा चिमटीत धरला, वास घेतला आणि म्हणाले, "म्हशी खातील हे. टाकायलाय काय?" टाकत नाही, गोठेवाले नेतात, पण अथणीला पोचेपर्यंत आंबून जाईल म्हटलं तर हळहळले. पूर्ण ब्रूअरीत त्यांना तेवढंच पटलं. गटाराचा शब्द अजून मागं घेतलेला नाही.

असो, तुमचा प्रश्न. डिझायनर म्हणून कोण थेट घेत नाही, पहिली काही वर्षं टाक्याच धुवाव्या लागतात, धुवायला कॉस्टिक सोडा, मग जंतू मारायला पेरासेटिक अ‍ॅसिड, ढोपरापर्यंत गमबूट. रेसिपी एका दुपारी होते, तीच चव दर बॅचला आणणं हा खरा धंदा, आणि तिथं क्वालिटीवाला माणूस सोनं आहे. नोकरी करत शिकायचं तर लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ब्रूइंग अँड डिस्टिलिंगचं जनरल सर्टिफिकेट बघा. पुण्यात मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन-ब्रूइंगचं एमएस्सी आहे, पण त्याला दोन वर्षं द्यावी लागतात. काम मात्र बेंगळूर, पुणे, नाहीतर गोवा, बेळगावात बसून जमेल ही आशा सोडा.

हां, सरावाला घरी बादलीत बीअर लावू नका, १९६५ च्या कर्नाटक अबकारी कायद्यात लायसनशिवाय करणं गुन्हा आहे. रिकाम्या टाकीत डोकं घालायचं नाही, खाली सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) साचलेला असतो, माणूस जातो. आणि घराचा हप्ता चालू असेल तर आधी वर्षभराचे पैसे बाजूला काढा, कारण सुरवातीला पगार निम्म्यावर येतो, माझा आला होता.