जुनी ओम्नी: ट्यूनिंग घरी की गॅरेजात?

आधी तुझी ओम्नी कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना यांत्रिक भाग) की एमपीएफआय (पेट्रोल संगणकाच्या हिशेबाने फवारणारी), ते बघ. एमपीएफआय असेल तर एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदल, बाकीचं स्कॅनर लावून दोष शोधणाऱ्या मेकॅनिककडे सोपव.

कार्ब्युरेटरची असेल तर घरी बरंच जमतं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखालीच आहे. सीट उचलली की हात पोचतो. वायरींवर १, २, ३ लिहून मगच प्लग काढ. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरंफटक असेल तर कमी. इंजिन थंड असतानाच काढ हं! प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना आटे सहज जातात. मी एकदा घाईत प्लग तिरका बसवला, आटे गेले आणि फोंड्याला टो करून न्यावी लागली. तेव्हापासून पहिले चार फेरे पान्याशिवाय, बोटांनीच.

आपल्याकडे पावसाळ्यात गाडी सकाळी खोकते तेव्हा लगेच कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावू नकोस. डिस्ट्रिब्युटरची (प्लगना वीज वाटणारा भाग) कॅप उघड, आतून कोरड्या फडक्याने पूस. निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं.

टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) मात्र ते तपासायचा टायमिंग लाइट असल्याशिवाय छेडू नकोस. आणि सोमवारी गाडी धंद्याला हवी असेल तर रविवारी दुपारी हे काम काढूच नकोस.