वाचक विचारतात : सासऱ्यांची चित्रं सांभाळायची कशी?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो. माझे सासरे शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि रात्री बसून स्वतःची चित्रं काढायचे, जास्त करून अमूर्त, म्हणजे नुसत्या रंग-आकारांची. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. माडीवरच्या खोलीत कॅनव्हास, कागदावरची कामं, स्केचबुकं, पत्रं सगळं तसंच पडलंय आणि आता वाडा पाडून फ्लॅट होणार म्हणून खोली रिकामी करायचीय. नातेवाईक म्हणतात चार-चार वाटून घेऊ. मला वाटतं बाबांचं काम लोकांनी बघावं. सुरुवात कुठून करू?
— एक सून, नागपूर

उत्तर : आधी वाटणी थांबवा. कायमची नाही, यादी होईपर्यंत. एकदा चित्रं चार घरांत गेली की कोणतं कधीचं, कशानंतर काढलं हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ज्याची माहिती नाही ते चित्र पुढच्या पिढीत कोणाचंच राहत नाही.

यादी साधी करा. प्रत्येक चित्राला नंबर, मग माप, माध्यम (तेलरंग, जलरंग वगैरे), साल, सही कुठे आहे, आणि फोटो समोरून आणि मागूनसुद्धा. मागची बाजू लोक विसरतात, पण तारीख, जुन्या प्रदर्शनाचं लेबल, कोणाला दिलं होतं, हे सगळं तिथेच सापडतं. फोटो सावलीतल्या दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको, शेजारी रंगांची पट्टी ठेवा म्हणजे नंतर रंग जुळवता येतात. फाइल्स दोन हार्डडिस्कवर आणि त्या दोन वेगळ्या घरांत. कोणी त्यांच्या नावावर खोटी चित्रं खपवली तर ती ओळखायलाही यादी लागते बरं का. प्रसिद्ध चित्रकार सय्यद हैदर रझा आपल्या नागपूरच्याच कलाशाळेत शिकलेले, २००९ मध्ये दिल्लीत त्यांच्याच नावाच्या प्रदर्शनात गेले तर भिंतीवरची बहुतेक चित्रं त्यांनी काढलेलीच नव्हती. ते हयात होते म्हणून सांगू शकले. बाबांच्या वतीने उद्या यादीच बोलणार.

आता सांभाळणं. नागपुरात चित्रांचा खरा वैरी कूलर आहे. मे महिन्यात ४५ डिग्रीत हवा कोरडीठाक, कूलर लावला की तीच ओली, मग जूनमध्ये पाऊस, आणि कॅनव्हास बिचारा ताणतो-सैलावतो, रंगाला भेगा जातात, कागदावर बुरशी धरते. म्हणून कूलरच्या झोतात नको, पाऊस लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, जमिनीवर तर नकोच. पॉलिथिनमध्ये गुंडाळू नका, आत ओल कोंडते, धुतलेली सुती चादर घाला. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, मऊ ब्रशने धूळ झटकायची, तीही रंग सुटत नसेल तरच. कागदावरची कामं वर्तमानपत्रात ठेवू नका, त्यातलं आम्ल उतरून कागद पिवळा पडतो, अॅसिड-फ्री कागद मिळतो तो घ्या. आणि स्केचबुकाची पानं सुटी करून फ्रेम करायचा मोह होईल, कृपा करून करू नका. माणूस विचार कसा करत होता ते त्या पानांच्या क्रमातच दिसतं.

आठवणीही गोळा करा. त्यांचे जुने विद्यार्थी, सोबत प्रदर्शन भरवणारे मित्र आता वयस्कर असतील, त्यांना चित्रं दाखवा, कोणतं चित्र कोणाकडे गेलं तेही विचारा आणि मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा, हे काम लांबवू नका. अमूर्त चित्रांसाठी नावाजलेले वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले, १९२४ साली, फार कमी बोलणारे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा चित्रं आशिया, युरोप, अमेरिकेतल्या कितीतरी संग्रहांतून गोळा करावी लागली. कोणाकडे काय आहे याची नोंद असली तरच असं जमतं.

लोकांपर्यंत नेण्याचं म्हणाल तर डच चित्रकार व्हॅन गॉगच्या घरचं बघा. तो १८९० मध्ये गेला, सहा महिन्यांत भाऊ थिओ गेला, आणि सगळा पसारा थिओच्या बायकोकडे, जोकडे आला. वय २८, पदरी एक वर्षाचं पोर. तिने काही चित्रं विकली, बरीच जपली, प्रदर्शनांना देत राहिली, आणि १९१४ मध्ये दोघा भावांची पत्रं छापली. म्हणजे हे घरच्या सुनेनेच केलं. तुम्हीही विकायचं तर थोडं विका, पण प्रत्येक काळातली चांगली कामं एकत्र ठेवा. ती संस्थेला देणार असाल तर लेखी करार हवाच, आणि चित्रं कुठे ठेवणार, अभ्यासकांना बघायला मिळतील का, हे तोंडावर विचारा. पहिलं प्रदर्शन त्यांच्या शाळेतच भरवलं तर मला फार आवडेल.

प्रश्न : एका दिवंगत चित्रकाराचं चित्र मी त्यांच्याकडूनच विकत घेतलं होतं. ते आमच्या सोसायटीच्या कॅलेंडरवर छापू शकतो का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : विचारल्याशिवाय नाही. चित्र तुमचं, पण लेखी दिलेलं नसेल तर छापायचा हक्क चित्रकाराचा, आणि त्यांच्यानंतर वारसांचा, आपल्या कायद्यात मृत्यूनंतर ६० वर्षं. तुम्ही पैसे देऊन खास काढून घेतलेलं पोर्ट्रेट असेल तर गोष्ट वेगळी. वारसांना दोन ओळी लिहा, छापताना चित्रकाराचं नाव आणि साल टाका, आणि एक कॅलेंडर त्यांच्या घरी पाठवा. सोबत चित्राचा मागून-पुढून फोटोही द्या, त्यांच्या यादीत तुमचं चित्र कदाचित नसेलच.