‘सुपरव्हिजन’ म्हणजे देखरेखच का?

विचारणा अशी आहे : अमेरिकेतल्या एका दवाखान्याचं माहितीपत्रक मराठीत करताना ‘फिजिशियन असिस्टंट’ला ‘सहायक डॉक्टर’ आणि ‘अंडर डायरेक्ट सुपरव्हिजन’ला ‘थेट देखरेखीखाली’ म्हटलं तर चालेल का?

‘सहायक डॉक्टर’ कृपया नको. मुलांकडे राहायला गेलेले आजी-आजोबा त्याला डॉक्टरच समजतील आणि तो डॉक्टर नसतो. ‘मदतनीस’ म्हणावं तर कंपाउंडर डोळ्यांसमोर येतो. हा माणूस तर रुग्ण तपासतो, निदान करतो, औषधं लिहून देतो. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात नौदलातून आलेल्या वैद्यकीय जवानांना घेऊन सुरू झालेला हा स्वतंत्र पेशा आहे. ‘फिजिशियन असिस्टंट’ तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखापाशी एका ओळीत खुलासा करा.

खरी अडचण ‘देखरेखी’ची आहे. मराठीत देखरेख म्हटली की पाहणारा जवळपास असतो, बांधकामावरच्या मुकादमासारखा. अमेरिकी नियमांत मात्र नजरेपेक्षा जबाबदारीला आणि हाकेला ओ देण्याला महत्त्व आहे. मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची तिथली सरकारी आरोग्य-विमा योजना) निदान-तपासण्यांसाठी तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. ‘जनरल’मध्ये एकूण नियंत्रण डॉक्टरांचं, पण तपासणीच्या वेळी ते हजर असायची गरज नाही. ‘डायरेक्ट’मध्ये ते दवाखान्यात, लगेच येता येईल असे हवेत, त्याच खोलीत असायलाच हवेत असं नाही. (काही सेवांसाठी आता व्हिडिओवरची उपस्थितीही चालते.) खोलीत हजेरी लागते ती ‘पर्सनल’मध्ये. ‘थेट देखरेख’ वाचून मराठी माणूस ही तिसरी पायरी धरून चालेल. आपल्यावर उपचार होताना शेजारी कोण असणार, याबद्दल रुग्णाची चुकीची समजूत करून देणं मला फार गैर वाटतं.

म्हणून मी अनुक्रमे असं लिहीन : ‘डॉक्टरांच्या नियंत्रणाखाली’, ‘डॉक्टर दवाखान्यात उपलब्ध असताना’, ‘डॉक्टरांच्या समक्ष’. ‘समक्ष’सारखा नेमका शब्द असताना ‘वैयक्तिक पर्यवेक्षण’ कशाला? ‘पर्यवेक्षक’ तर आपल्याला परीक्षेच्या वर्गातच भेटतो.

दवाखाना कोणत्या राज्यातला आहे तेही बघा. मिशिगनने २०१७ पासून कायद्यातून ‘सुपरव्हिजन’ची भाषाच काढली, तिथे डॉक्टरांशी लेखी करार असतो. अशा ठिकाणी ‘नियंत्रणाखाली’ही चुकेल, ‘डॉक्टरांशी झालेल्या लेखी करारानुसार’ म्हणावं लागेल.

या पेशाच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये ‘असिस्टंट’ऐवजी ‘असोसिएट’ स्वीकारलं आहे. पत्रकात ते आलं आणि खुलासा करावासा वाटला, तर ‘सहयोगी’ घ्या. सहायक प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापक यांतला फरक आपल्या वाचकाला माहीत असतो.