गटाच्या कर्जाचे हप्ते थकले आहेत, वसुलीवाले रात्री घरी येऊन बसतात आणि अटकेची धमकी देतात. मी काय करू?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गटामार्फत एका फायनान्स कंपनीचे ४०,००० रुपयांचे कर्ज तुम्ही घेतले, यजमान ऊसतोडीला गेल्यापासून तीन हप्ते राहिले, आणि आता वसुलीचा माणूस गटातल्या बायकांना सोबत घेऊन रात्री साडेआठपर्यंत तुमच्या ओसरीत बसून राहतो, पोलीस आणून आत टाकण्याची भाषा करतो आणि जावेच्या मोबाईलवरही फोन करतो. खरोखर अटक होऊ शकते का, त्यांना असे बसता येते का, आणि सावकाराकडून पैसे उचलून हे एकदाचे मिटवून टाकावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी बीड जिल्ह्यात एका बँकेत बरीच वर्षे कर्जवसुलीच्या टेबलावर काम केले आणि निवृत्तीनंतर तालुका न्यायालयात विधी सेवेचा स्वयंसेवक म्हणून बसतो. पूर्वी मी थकबाकीच्या नोटिसा काढत असे, आता त्या हातात घेऊन आलेल्या माणसांना वाचून दाखवतो. दोन्हीकडून पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. कायद्याने होणारी वसुली कागदावर होते, तिला तारीख, सही आणि शिक्का असतो. दारात उभे राहून दिलेला दम मात्र कोणी कधी लिहून देत नाही. म्हणून खाली जे काही सांगतो आहे त्या सगळ्यात एकच गोष्ट धरून ठेवा: त्यांच्याकडून लेखी मागायचे आणि आपण जे सांगायचे ते लेखी द्यायचे.

आधी अटकेचे. हप्ता थकणे हा गुन्हा नाही, तो दिवाणी व्यवहार आहे. कर्ज घेताना खोटी कागदपत्रे दिली असतील तर वेगळी गोष्ट, किंवा सही करून दिलेला चेक वटला नाही आणि नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत रक्कम भरली नाही तर चेकचा खटला होऊ शकतो. तुम्ही कोरे चेक दिले आहेत का, ते आठवून पाहा. तसे काही नसेल तर कंपनीला न्यायालयात दिवाणी दावा लावावा लागतो. तो दावा त्यांनी जिंकला तरी पैशाच्या वसुलीसाठी स्त्रीला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्ये स्वच्छ लिहिलेले आहे. त्याच संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्रसुद्धा, न्यायालयालाही जप्त करता येत नाहीत. न्यायालयाला जे करता येत नाही ते ओसरीत बसलेला माणूस कुठून करणार? शिवाय सूक्ष्म वित्ताचे, म्हणजे तुमच्यासारखे कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला दिलेले कर्ज हे विनातारणच असते, म्हणजे तुमची शेळी, सिलिंडर किंवा शिलाई मशीन कोणाकडे गहाण पडलेले नाही. न्यायालयाच्या हुकुमावाचून त्यातली एक वस्तू जरी उचलली तरी तो त्यांचा गुन्हा होतो.

आता रात्री बसण्याचे. वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेल्या विनातारण कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी स्वतंत्र निर्देश काढले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. तुमचे कर्ज बहुधा यातच बसते. आपल्याकडे याला सरसकट बचत गटाचे कर्ज म्हणतात, पण बँकेला जोडलेला बचत गट वेगळा आणि कंपनीने कर्जापुरता जमवलेला सामूहिक हमीचा, म्हणजे एकीच्या कर्जाला बाकीच्या जामीन असा, गट वेगळा. तुमचा दुसऱ्या प्रकारचा दिसतो. या निर्देशांप्रमाणे सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. दमदाटीची किंवा शिवीगाळीची भाषा, सारखे फोन करणे, नातेवाईक, मित्र किंवा सोबत काम करणाऱ्यांना त्रास देणे, कर्जदाराचे नाव चारचौघांत जाहीर करणे, आणि कर्ज न फेडल्यास काय होईल याबद्दल खोटी भीती घालणे, या सगळ्याला तिथे जाचक वसुली म्हटले आहे आणि त्याला मनाई आहे. म्हणजे जावेला गेलेला फोन आणि अटकेची धमकी, दोन्ही गोष्टी नियमात अगदी नेमक्या सापडतात. तुमचे कर्ज दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे गाडीचे किंवा साधे वैयक्तिक निघाले, तर रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीच्या फोनची वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७ अशी आहे. रात्री साडेआठ त्यातही बसत नाही.

इथे एक बाजू मात्र मी झाकून ठेवणार नाही. हप्ता भरण्याची जागा दोघांच्या संमतीने ठरलेली असते, आणि लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तुम्ही त्या जागी गेला नसाल तर त्यांना घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊन विचारता येते. म्हणून यापुढे हप्त्याच्या दिवशी पैसे नसले तरी सेंटरवर, म्हणजे त्या ठरलेल्या जागी, जा आणि पैसे नाहीत हे तिथेच सांगा. घरी येऊन विचारण्याची मुभा त्यांना आहे, पण ठाण मांडून बसण्याची नाही. आलेल्या माणसाजवळ ओळखपत्र असले पाहिजे. तो बाहेरच्या वसुली एजन्सीचा असेल तर कंपनीचे अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रतही असली पाहिजे. ती मागणे हा तुमचा हक्क आहे.

याचा परिणाम मी माझ्या धाकट्या बहिणीच्या दारात पाहिला आहे. तिच्याही गटाचे असेच दोन हप्ते राहिले होते. दिवेलागण होऊन गेली होती, चुलीवर भाकरी होती, आणि ओसरीतल्या बाजेवर एक पंचविशीचा मुलगा पाय लांब करून मोबाईल पाहत बसला होता. पैसे मिळाल्याशिवाय उठणार नाही, असे त्याने येतानाच सांगितले होते. मी बोलणार होतो, पण बहिणीने मला हाताने थांबवले. तिने नातीच्या शाळेच्या वहीचे मागचे पान उघडले, त्यावर तारीख आणि "सायंकाळी ७ वाजून ४० मिनिटे" एवढे लिहिले आणि वही-पेन त्याच्या पुढे धरून म्हणाली, "तुमचं नाव, कंपनी अन् किती वाजता आलात ते लिहा, खाली सही करा, मग सकाळपर्यंत बसा." त्याने वहीकडे पाहिले, खिशातले ओळखपत्र काढले नाही, पाणी मागितले, प्याला आणि गेला. पुढचा हप्ता तिने अर्धा भरला, पण तो दिवसाउजेडी, सेंटरवर आणि पावती घेऊन.

तुम्हीही एक वही करा. कोण आले, किती वाजता, काय बोलले, त्या वेळी शेजारचे कोण होते, हे त्याच रात्री लिहून ठेवा, कारण आठ दिवसांनी तारखा आठवत नाहीत. फोनवर धमकी आली तर रेकॉर्ड करा, संदेश पुसू नका, आणि तो मोबाईल विकू किंवा फॉरमॅट करू नका. पुढे न्यायालयात मूळ मोबाईल लागू शकतो. जावेलाही तिच्या फोनवरच्या कॉलची यादी जपून ठेवायला सांगा.

गटातल्या बायकांवर मात्र राग धरू नका. तुमचा हप्ता आला नाही तर पुढचे कर्ज कोणालाच मिळणार नाही, असे सांगून त्यांना तुमच्या दारात आणून बसवलेले असते. त्यांनी सामूहिक हमी दिली असेल, तर त्या हमीचा हिशेब कंपनीने त्यांच्याशी लेखी करावा. त्यांना तुमच्याविरुद्ध उभे करणे ही चारचौघांत बदनामी आहे. वाड्या-वस्त्यांवर माणसे कर्जाला जेवढी भीत नाहीत तेवढी या बदनामीला भितात, आणि वसुलीवाल्यांना हे चांगले ठाऊक असते. जमले तर गटातल्या दोघीतिघींना हे उत्तर वाचून दाखवा.

तक्रारीची वाट अशी आहे. तुमच्या कर्जकार्डावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर छापलेला असलाच पाहिजे, आणि भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पोचही त्यावर हवी. कार्डच दिले नसेल तर ती तुमची पहिली तक्रार. साध्या कागदावर मराठीत लिहा: "माझे कर्ज खाते क्रमांक अमुक. अमुक तारखेला रात्री इतक्या वाजता आपला प्रतिनिधी माझ्या घरी येऊन इतका वेळ बसला, अटकेची धमकी दिली, माझ्या नातेवाइकांना फोन केले. हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांविरुद्ध आहे, ते थांबवावे. माझ्या खात्याचा पूर्ण उतारा द्यावा. माझे यजमान अमुक महिन्यात परत येणार असून तोपर्यंत मी दरमहा इतकी रक्कम भरू शकते, त्याप्रमाणे हप्ते बांधून द्यावेत." हे स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि झेरॉक्स ठेवा. शेवटचे वाक्य गाळू नका. अडचणीत आलेल्या कर्जदारांना ओळखून त्यांच्याशी बोलण्याची आणि मार्ग सांगण्याची व्यवस्था ठेवणे त्याच निर्देशांनी कंपन्यांवर बंधनकारक केलेले आहे, आणि फेडण्याची तयारी लेखी दाखवणाऱ्या कर्जदाराला बुडवा ठरवणे कठीण जाते.

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँका आणि फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. त्याला एक रुपयाही लागत नाही. गावातल्या सेतू केंद्रात किंवा शिकलेल्या मुलाकडून सीएमएस डॉट आरबीआय डॉट ऑर्ग डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरता येते, नाहीतर रिझर्व्ह बँक, सेक्टर १७, चंदीगड १६००१७ या पत्त्यावरच्या केंद्रीय तक्रार केंद्राला टपालाने पाठवता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तिथे वकिलामार्फत केलेली तक्रार चालत नाही, आणि तोच विषय आधी न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात नेलेला असेल तर लोकपाल हात लावत नाही, म्हणून क्रम चुकवू नका. ग्राहक आयोगाचा रस्ता नंतरही उघडा राहतो. घटनेपासून २ वर्षांच्या आत तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात जाता येते.

पोलिसांकडे जायला मात्र ३० दिवस थांबायचे नाही. कोणी शिवीगाळ केली, अंगावर धावून आले, सांगूनही घराबाहेर गेले नाही किंवा स्त्री म्हणून लाज वाटेल असे बोलले, तर तो भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे: धमकीला कलम ३५१, घरात शिरून बसण्याला ३२९ आणि स्त्रीच्या अब्रूला धक्का देणाऱ्या बोलण्याला ७९. त्या वेळी ११२ ला फोन करा. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना तोच अर्ज टपालाने पाठवा. कागद करताना अडचण आली तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत या किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो.

एवढे सगळे सांगितल्यावरही कर्ज कर्जच राहते. या हक्कांनी ते माफ होत नाही, आणि थकबाकीची नोंद पतअहवालात, म्हणजे पुढचे कर्ज देताना पाहतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत, जाते. जमेल तेवढे भरत राहा. वसुलीवाल्याच्या खासगी फोनपेवर कधीही पैसे टाकू नका. त्यातले बरेचसे खात्यावर पोहोचतच नाहीत, अशी प्रकरणे माझ्यापुढे आली आहेत. उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावता येतो, सगळ्या कर्जावर नाही, हे उतारा आल्यावर तपासून घ्या.

राहिला सावकार. त्याच्याकडे जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्यालाही व्याजाची मर्यादा सरकारने ठरवून दिलेली आहे. महिन्याला शेकडा पाच-दहाने देणारा माणूस कोणत्याच परवान्यात बसत नाही. कंपनीच्या माणसाला निदान वर कोणीतरी विचारणारे आहे. सावकाराला चिठ्ठी नसते, पावती नसते, आणि जमीन असेल तर तो खरेदीखतच लिहून मागतो. तुमच्या घरात असे खरेदीखत आधीच झालेले असेल तर तेही मला कळवा, कारण सावकारीपोटी गेलेली जमीन १५ वर्षांच्या आतली असेल तर कलम १८ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून ती परत मागता येते. त्यासाठी लागणारा सातबारा आणि फेरफाराचा उतारा तुम्हाला तलाठ्याकडून मिळेल.