नुसतं ‘पारंपरिक’ लिहून मोकळी होऊ नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’, एका घरापायी आयुष्य वाया गेल्याचं ते जुनं अमेरिकन लोकगीत, बसवते आहेस आणि ‘मूळ’ गाणं कोणतं तेच ठरेना म्हणून अडली आहेस. मूळ शोधण्यात वर्ष घालवशील, हाती काही लागणार नाही. तू कोणाचं ऐकून शिकते आहेस ते आधी वहीत लिही: नाव, साल, गाव. ते लिहिल्याशिवाय गिटारला हात लावायचा नाही.

माहीत असलेलं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण १९३३ चं, क्लॅरेन्स अ‍ॅशली आणि ग्वेन फॉस्टर यांचं. त्यात वाया गेलेले मुलगे आहेत. १९३७ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीतं गोळा करणाऱ्याने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मिडल्सबरो इथे जॉर्जिया टर्नरच्या तोंडून हे गाणं मुद्रित केलं. खाणकामगाराची मुलगी, वय १६. तिच्या गाण्यात वाया गेलेली मुलगी आहे. तेव्हा ‘मुलगा म्हणू की मुलगी’ यावर इतकं रडण्यासारखं काही नाही, दोन्ही पाठ, म्हणजे शब्दांची दोन्ही रूपं, जुनीच. पण अ‍ॅनिमल्स या पाच जणांच्या ब्रिटिश रॉक बँडचे शब्द घेऊन फक्त लिंग बदलायचं, हे मला चालणार नाही. त्यांच्याकडे बाप जुगारी आहे, टर्नरकडे प्रियकर दारुडा. त्या एका बदलाने सबंध गोष्ट फिरते. एक पाठ घे, तो पूर्ण घे, आणि कोणाचा ते लिही.

आता वाजवण्याचं. सहा-आठचा ताल आहे, म्हणजे आपल्या दादऱ्यासारखा तीन-तीनचा. तुझ्या मुद्रणात दोन-दोन-दोन असे ठोके पडतात, म्हणून ते वॉल्ट्झसारखं डुलतं. मेट्रोनोम ५० वर लाव, एका टिकेत तीन सूर. आधी मंद्राची, म्हणजे त्या कॉर्डच्या खालच्या सुराची तार, मग तिसरी, दुसरी, पहिली, दुसरी, तिसरी. जोर पहिल्या आणि चौथ्या सुरावर. प्रत्येक कॉर्डला एक आवर्तन: ए मायनर, सी, डी, एफ, ए मायनर, सी, ई, ई, पुन्हा ए मायनर, सी, डी, एफ, शेवटी ए मायनर, ई, ए मायनर, ई. सोळा आवर्तनं, एक कडवं. डी हा मेजरच. तू तो मायनर धरतेस, कारण गाणं मायनरमध्ये आहे म्हणून सगळेच कॉर्ड उदास हवेत असं तुला वाटतं. डी मेजरमधला एफ शार्प आणि पुढच्या कॉर्डमधला साधा एफ यांच्या घसरणीतच या चालीचा जीव आहे.

ही घसरण उघड ऐकवायची तर अमेरिकन लोकगायक डेव्ह व्हॅन राँकची मांडणी (अरेंजमेंट) शीक. ए मायनरला पाचवी तार मोकळी. मग सहाव्या तारेवर सीला तिसरा फ्रेट, डीला दुसरा, एफला पहिला. मंद्र आधी एका पूर्ण सुराने आणि मग अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरत जातो. सीला सवयीने पाचवी तार छेडलीस की ही पायरीच मोडते. एफचा बार, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबणं, बसत नसेल तर अंगठा वरून आणून सहावी तार दाब.

आणि ही मांडणी व्हॅन राँकची आहे, हे विसरायचं नाही. बॉब डिलनने नोव्हेंबर १९६१ मध्ये ती मुद्रित केली आणि परवानगी नंतर मागितली. तबकडीच्या पाठीवरच्या टिपणात व्हॅन राँकचं नाव आहे, पण टिपणं वाचतं कोण? पुढे लोक व्हॅन राँकलाच म्हणू लागले, हे तू डिलनचं उचललंस. त्याने गाणं म्हणायचं सोडलं. १९६४ मध्ये अ‍ॅनिमल्स आले आणि तीच पाळी डिलनवर आली. अ‍ॅनिमल्सच्या तबकडीवर तर ‘पारंपरिक, मांडणी अ‍ॅलन प्राइस’ एवढंच. ऑर्गन त्याचा हे खरं, पण कॉर्डचे सूर एकेक करून छेडलेली ज्या आर्पेजिओवरून जग हे गाणं ओळखतं ती त्यांच्या गिटारवादकाची, हिल्टन व्हॅलेंटाइनची. लेबलवर पाच नावांना जागा नव्हती म्हणे! मांडणीचं मानधन ज्याचं नाव त्याला मिळालं.

मला हटवादी म्हणतात, म्हणू देत. ‘पारंपरिक’ या शब्दाने गाणं सगळ्यांचं होतं, पण ते टिकवणारं माणूस त्या शब्दाखाली गाडलं जातं. लोमॅक्सने १९४१ च्या पुस्तकात टर्नरचं नाव छापलं म्हणून आज आपण तिला ओळखतो. छापलं नसतं तर ‘केंटकीची कोणी मुलगी’ एवढीच उरली असती.

तुझ्या व्हिडिओवर हक्काचा दावा आला त्याचं कारणही इथेच आहे. जुने शब्द आणि चाल कोणाच्या मालकीची नाही. मुद्रण मात्र असतं, नवी मांडणीही असू शकते. इंटरनेटवरून उचललेली साथ काढ, गिटार स्वतः वाजव. आणि नाव वर्णनाच्या तळाशी दडवू नकोस, शीर्षकाखालच्या पहिल्याच ओळीत घाल: शब्द जॉर्जिया टर्नर, मिडल्सबरो, १९३७ च्या पाठावरून, गिटारची मांडणी डेव्ह व्हॅन राँकवरून. लांब वाटली तरी ओळ कापायची नाही. डी मेजर दुरुस्त झाला की मुद्रण पाठव, ओळीसकट.