गर्व, अभिमान आणि अहंकारातला ‘कार’

वडोदऱ्याच्या एका वाचकाने विचारलंय: ‘मला मुलीचा गर्व आहे’ हे मराठीत बरोबर का? आणि साधकाने सोडायचं ते काय, गर्व, अभिमान की अहंकार?

पहिलं चूक. दांडिया बाजार असो की रावपुरा, मराठी स्नेहसंमेलनात ‘आम्हाला विद्यार्थ्यांवर गर्व आहे’ हे वाक्य आता हमखास कानी पडतं. गुजरातीत ‘गर्व छे’ चालतं, आणि ‘अभिमानी’ म्हणजे घमेंडखोर. मराठीत नेमकं उलट: मुलीचा अभिमान वाटतो, गर्वाचं घर खाली. शिवाय तो ‘वर’ही उसना. अभिमान कुणाचा तरी असतो, कुणावर नव्हे.

पण खरा रस अहंकारात आहे. प्रवचनांत सर्रास फोड ऐकू येते, ‘अहं + आकार, मीपणाला दिलेला आकार’. व्याकरणात ती बसतच नाही. तसा संधी ‘अहमाकार’ झाला असता. इथे आहे तो ‘कार’, आणि तोही उच्चाराचा. पाणिनीच्या सूत्रांना पूरक असं कात्यायनाचं वार्तिक आहे, ‘वर्णात् कारः’: वर्णाचं नाव सांगताना ‘कार’ लावायचा, अकार, ककार. ओंकार, वषट्कार (यज्ञातला ‘वषट्’ हा उच्चार), धिक्कार त्याच घराण्यातले. नमस्कार म्हणजे ‘नमः’ म्हणणं. मराठीने होकार आणि नकार घडवले. होकार म्हणजे ‘हो’ तयार करणं असं कुणी म्हणतं का? तसाच अहंकार म्हणजे ‘मी’ म्हणणं. बृहदारण्यक उपनिषदात (१.४.१) आरंभीचा पुरुष ‘अहमस्मि’ असं बोलतो, म्हणून त्याचं नाव ‘अहम्’ पडतं. छांदोग्य उपनिषदातला (७.२५) अहंकारादेश, म्हणजे ‘मी’चा उपदेश, सांगतो: मीच खाली, मीच वर, मीच हे सारं. घमेंडीचा तिथे मागमूस नाही. व्हॅन ब्युटेनन या डच संस्कृतज्ञाने १९५७ साली हीच उच्चाराची बाजू मांडली होती.

‘अहंकार म्हणजे मी करतो’ असं सांगणारे गीतेतलं ‘कर्ताहमिति मन्यते’ (३.२७) पुढे करतात. त्यांनी अख्खी ओळ वाचावी. अहंकाराने मूढ झालेला स्वतःला कर्ता मानतो, असं तिथे आहे. कर्तेपण हा अहंकाराचा परिणाम झाला, व्युत्पत्ती नव्हे!

आता साधकाचं. सांख्य दर्शनात महत् तत्त्वातून (म्हणजे बुद्धीतून) अहंकार, आणि त्यातून मनासकट अकरा इंद्रियं आणि पाच तन्मात्रं (शब्द, स्पर्श अशी सूक्ष्म तत्त्वं) निघतात. त्याची व्याख्याच ‘अभिमानोऽहंकारः’ (सांख्यकारिका २४) अशी आहे. हा अभिमान म्हणजे ‘हे मी, हे माझं’ असं धरणं, मुलीच्या कौतुकाशी त्याचा संबंध नाही. गर्व म्हणजे दर्प. गीता (१८.५३) सोडायच्या गोष्टींत अहंकार आणि दर्प वेगवेगळे मोजते. गर्व चारचौघांत दिसतो, लोक टोकतात, उतरतो. अहंकार ‘माझी साधना’ म्हणतानाही शाबूत राहतो. ज्ञानेश्वर तेच सांगतात: तो अज्ञान्याच्या विशेष मागे लागत नाही, ‘सज्ञानाचे झोंबे कंठीं’. इथे नुसतं ‘गळ्यात पडतो’ एवढा अर्थ मला अपुरा वाटतो. कंठ हे उच्चाराचं स्थान, आणि ‘अहम्’मधले अ आणि ह हे दोन्ही वर्ण कंठ्य आहेत.