कानो, फुनाकोशी, उएशिबा एकमेकांना भेटले होते का? हो, आणि पुढचं बरंच काही त्या भेटींतूनच निघालं

तुझा प्रश्न असा की ज्युदोचे जिगोरो कानो, कराटेचे गिचिन फुनाकोशी आणि आयकिदोचे मोरिहेइ उएशिबा हे तिघं एकाच काळात जपानमध्ये होते, मग ते कधी समोरासमोर आले का, आले असतील तर जिंकलं कोण, आणि ब्रूस ली बाकी स्टाइलच्या मोठ्या लोकांना कधी भेटला का. बरेच जण म्हणतात की प्रत्येक मास्टर आपापल्या डोजोचा, म्हणजे तालमीचा, राजा, कोण कशाला दुसऱ्याच्या दारात जाईल. मला हे अजिबात पटत नाही. भेटले, चांगले भेटले, आणि आज आपण जे ज्युदो-कराटे-आयकिदो म्हणून शिकतो त्यातलं बरंच काही या भेटींमुळेच आजच्या रूपात आहे. फक्त "जिंकलं कोण" हा प्रश्न बहुतेक भेटींना लागूच पडत नाही, कारण तिथे दोघांपैकी एक जण शिकायला नाहीतर बघायला बसला होता. म्हणून अशी कुठलीही गोष्ट कानावर आली की मी आधी एकच बघतो, त्या भेटीनंतर कोणाचा विद्यार्थी कोणाकडे शिकायला गेला. ते कळलं की भेटीत काय झालं असेल याचा बराच अंदाज येतो.

सगळ्यात महत्त्वाची भेट 1922 ची. फुनाकोशी तेव्हा 53 वर्षांचे, ओकिनावातले शाळामास्तर, टोकियोला शिक्षण खात्याचं व्यायामप्रकारांचं प्रदर्शन होतं त्यात कराटे दाखवायला आले होते आणि ते आटोपलं की लगेच परत जायचं असा त्यांचा बेत होता. कानो म्हणजे तेव्हा देशातलं बडं प्रस्थ, 1882 साली कोदोकान ही ज्युदोची शाळा काढलेली, 1909 पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर, शिक्षणक्षेत्रात मोठा मान. त्यांनी फुनाकोशींना कोदोकानमध्ये येऊन काता, म्हणजे कराटेच्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका, दाखवा म्हणून बोलावलं. चार लोक असतील असं समजून फुनाकोशी गेले आणि बघतात तर शंभरावर माणसं वाट बघत बसलेली. सोबत शिंकिन गिमा नावाचा टोकियोत शिकणारा ओकिनावाचाच तरुण होता, दोघांनी मिळून प्रात्यक्षिक केलं. मग कानोंनी विचारलं की हे सगळे काता शिकायला किती दिवस लागतील, फुनाकोशी म्हणाले निदान वर्षभर तरी, तर कानो म्हणाले की तेवढे दिवस तुम्हाला थांबवून घेणं बरं दिसणार नाही, पण एकदोन तरी मला शिकवाल का. हे फुनाकोशींनी स्वतः आपल्या आठवणीत लिहून ठेवलंय. साठी ओलांडलेला माणूस, ज्याच्या हाताखाली हजारो ज्युदोका तयार झाले, तो आपल्याच डोजोमध्ये आपल्याच शिष्यांसमोर एका अनोळखी मास्तराला "मला शिकवाल का" असं विचारतो. हा प्रसंग मला कुठल्याही लढतीपेक्षा मोठा वाटतो आणि मी शिकवतो त्या प्रत्येक नव्या बॅचला तो सांगतो.

त्या बोलावण्यामुळे फुनाकोशींचं परत जाणं लांबलं, मग होआन कोसुगी नावाच्या चित्रकाराने आम्हाला शिकवा म्हणून गळ घातली आणि ते टोकियोतच राहिले. राहिले म्हणजे काही थाटात नाही हां, ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एक छोटी खोली, दिवसा तिथली झाडलोट, बागकाम, राखणदारी आणि उरलेल्या वेळात कराटे. जेवणाचे पैसे पुरेनात तेव्हा तिथल्या आचाऱ्याला कराटे शिकवायचं आणि त्याबदल्यात महिन्याच्या जेवणाच्या बिलात सूट घ्यायची असंही त्यांनी केलं. आणि ज्युदोकडून कराटेला काय मिळालं ते तर रोज आपल्या अंगावर असतं, हा पांढरा गी म्हणजे सरावाचे कपडे, कमरेचा काळा पट्टा, दान नावाच्या श्रेणी, हे सगळं कानोंच्या ज्युदोमधून आलेलं आहे, ओकिनावात आधी असलं काही नव्हतं. फुनाकोशींनी पहिल्यांदा दान दिले ते 1924 मध्ये, म्हणजे कोदोकानच्या त्या दिवसानंतर दोनच वर्षांनी.

त्याच काळात हिरोनोरी ओत्सुका फुनाकोशींकडे आले, ते मुळात जुजुत्सु या जुन्या जपानी झुंजीच्या विद्येतले. त्यांना नुसत्या कातावर समाधान नव्हतं, जोडीदाराबरोबरचा सराव हवा होता, यावरून पुढे दोघांचं बिनसलं आणि ओत्सुकांची वादो-र्यु ही कराटेची शाखा वेगळी झाली. यासुहिरो कोनिशी हा आणखी एक माणूस, मूळचा केन्दो (जपानी तलवारबाजी) आणि जुजुत्सुचा, तो फुनाकोशींकडेही शिकला, चोकी मोतोबुंकडेही आणि उएशिबांकडेही. गंमत म्हणजे फुनाकोशी आणि मोतोबु यांचं एकमेकांशी पटत नव्हतं तरी या माणसाने दोन्ही घरं सांभाळली. मोतोबु हेही ओकिनावाचे कराटेवाले, पण प्रत्यक्ष हाणामारीतले. क्योटोमध्ये एका परदेशी बॉक्सरला त्यांनी पन्नाशी उलटल्यावर आडवं केलं, 1925 मध्ये "किंगू" या तेव्हाच्या गाजलेल्या मासिकात त्याची गोष्ट आली आणि त्यात चित्रं छापली ती फुनाकोशींसारख्या दिसणाऱ्या माणसाची! आधीच पटत नव्हतं त्यात हे, मोतोबुंना काय वाटलं असेल विचार कर.

आता कानो आणि उएशिबा. ऑक्टोबर 1930 मध्ये कानो उएशिबांच्या टोकियोतल्या तात्पुरत्या डोजोमध्ये गेले, तेव्हा आयकिदो हे नावही पडलेलं नव्हतं. कानोंचं वय सत्तरीला टेकलेलं, उएशिबा सत्तेचाळिशीच्या आसपास. कानोंनी बघितलं आणि आपल्या मनात बुदो, म्हणजे युद्धकला, जसं असावं तसं हे आहे अशा अर्थाचं काहीतरी बोलले असं सांगतात. शब्द नेमके कोणते यावर मी जोर देणार नाही, त्यापेक्षा त्यांनी पुढे काय केलं ते बघ. त्यांनी कोदोकानमधली चांगली तयार पोरं उएशिबांकडे शिकायला पाठवली, त्यात मिनोरू मोचिझुकी होता. आपला हातचा मोहरा दुसऱ्याकडे शिकायला पाठवणं म्हणजे काय हे ज्याने तालीम चालवली आहे त्यालाच कळेल, आपल्याकडे आजही पोरगं दुसऱ्या वस्तादाकडे गेलं की अबोला धरतात. मोचिझुकीने पुढे ज्युदो, आयकिदो, कराटे आणि जुन्या शस्त्रविद्या असं सगळं एकत्र करून योसेइकान ही आपली वेगळी पद्धत उभी केली. केन्जी तोमिकी हा कानोंचा दुसरा ज्युदोका, तो तर आधीपासूनच उएशिबांकडे जात होता आणि 1940 मध्ये त्यांच्याकडून आठवा दान मिळालेला पहिला माणूस तोच. कानो 1927 मध्ये ओकिनावालाही जाऊन आले होते, तिथे चोजुन मियागी आणि केन्वा माबुनी यांचं प्रात्यक्षिक त्यांनी बघितलं. म्हणजे एकच माणूस फुनाकोशींचं शोतोकान, मियागींचं गोजु-र्यु, माबुनींचं शितो-र्यु (ही तिन्ही कराटेची) आणि आयकिदो या चारही घराण्यांच्या मूळ पुरुषांना प्रत्यक्ष भेटलेला, आणि एकाशीही लढलेला नाही.

हात लावून बघण्याचे प्रकार झाले नाहीत असं मात्र समजू नकोस. 1939 मध्ये मांचुरियात तेन्र्यु नावाचा माजी सुमो मल्ल, सेकिवाके या सुमोतल्या वरच्या पदापर्यंत पोचलेला, उएशिबांसमोर उभा राहिला, तेन्र्युने त्यांचा हात धरला आणि त्याला तो हलवता येईना. हे उएशिबांच्या भक्तांनी सांगितलं असतं तर मी बाजूला ठेवलं असतं, पण हे तेन्र्युनेच सांगितलंय, आणि तो त्यानंतर त्यांचा विद्यार्थी झाला. माझी कसोटी हीच, हरलेल्याने स्वतः सांगितलंय का, तारीख आणि जागा आहे का, पुढे काही घडलं का. बंद दाराआड अमक्याने तमक्याला तीन सेकंदात लोळवलं, साक्षीदार फक्त जिंकणाऱ्याचे शिष्य, असल्या गोष्टी प्रत्येक स्टाइलमध्ये आहेत आणि त्या मी पोरांना सांगत नाही.

खरी झुंज जिथे झाली तिथे करार होता, पैसा होता आणि जोड लावणारा कोणीतरी होता. आपल्या गामाचंच घे. 1910 ला लंडनला गेला, 10 सप्टेंबरला पोलंडच्या झ्बिश्कोबरोबर कुस्ती लागली, गामाची आपली मातीतली कुस्ती आणि झ्बिश्को ग्रीको-रोमन या युरोपातल्या कुस्तीप्रकारात तयार झालेला. झ्बिश्को सुरुवातीलाच खाली बसला आणि पालथा पडून मॅटला चिकटून राहिला तो अडीच तासांच्या वर, गामाला तो उलटवता आला नाही, कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढची तारीख 17 सप्टेंबर ठरली, त्या दिवशी झ्बिश्को आलाच नाही. मग थेट 1928 ला पतियाळ्यात दोघं परत भिडले आणि गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चितपट केलं. त्याच लंडनच्या दौऱ्यात गामाचा धाकटा भाऊ इमामबक्षही होता, त्याने जॉन लेम या स्विस पैलवानाला हरवलं. हाच इमामबक्ष पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात लढला. हे नाव लक्षात ठेव, याच्या घराकडे मी शेवटी येणार आहे.

ज्युदोमधली गाजलेली झुंज 1951 ची, रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये 23 ऑक्टोबरला, जपानचा ज्युदोका मासाहिको किमुरा विरुद्ध ब्राझीलच्या जुजुत्सुवाल्या ग्रेसी घराण्यातला एलियो ग्रेसी. यात जपान विरुद्ध ब्राझील एवढंच बघू नकोस. ग्रेसींपर्यंत जी विद्या पोचली तिचं मूळ मित्सुयो माएदा या कोदोकानच्या माणसाकडे जातं, जो 1914 मध्ये ब्राझीलला गेला आणि तिथेच राहिला. म्हणजे दोन्ही बाजूंची मुळं कानोंच्याच अंगणात. किमुराच्या आधी कातो नावाच्या ज्युदोकाला एलियोने गळा आवळून हरवलं होतं, त्यामुळे वातावरण तापलेलं. दुसऱ्या राउंडमध्ये किमुराने एलियोचा हात मागे वळवून पिळला, हाड मोडलं तरी एलियो टॅप करेना, म्हणजे हात आपटून हार मानेना, शेवटी भावाने टॉवेल टाकला. ग्रेसी घराण्याने पुढे त्या पेचाला किमुराचंच नाव दिलं, आज कुठल्याही जिममध्ये पोरं "किमुरा लाव" म्हणतात ते इथून आलं. हरवणाऱ्याचं नाव आपल्या रोजच्या शिकवणीत ठेवायचं, याला मन मोठं लागतं. आणि हा किमुरा नुसता ज्युदोका नव्हता बरं का, तो कराटेही शिकला होता, ताकुशोकु विद्यापीठात आयकिदोचा गोझो शिओदा त्याच्याच काळात होता, शिओदाने लिहिलंय की आम्ही पंजा लढवायचो. क्योकुशिन या कराटे शाखेचा ओयामा त्याचा मित्र.

1954 च्या डिसेंबरमध्ये किमुरा रिकीदोझानशी लढला, रिकीदोझान आधी सुमोत होता आणि मग प्रो रेसलिंगमध्ये गेला. किमुराच्या म्हणण्याप्रमाणे ती लढत बरोबरीत सोडवायची असं आधी ठरलं होतं, मध्येच रिकीदोझानने खरोखर मारायला सुरुवात केली आणि किमुरा बेशुद्ध पडला. ओयामा रिंगजवळ बसून हे बघत होता, त्याचा संताप झाला होता. मला या प्रसंगाचा अजून त्रास होतो, इतक्या मोठ्या माणसाचं नाव बरीच वर्षं लोकांनी या एका रात्रीवरून घेतलं.

आता ब्रूस लीचं. 1964 मध्ये अमेरिकेत लाँग बीचला कराटेवाल्या एड पार्करच्या स्पर्धेत त्याने प्रात्यक्षिक केलं, तिथे तायक्वांदोचा जून री होता, दोघांची दोस्ती झाली आणि जून रीने किक शिकवल्या तर ब्रूस लीने ठोसे. "ग्रीन हॉर्नेट" या मालिकेच्या काळात ज्युदोचा जीन लबेल भेटला, त्याच्याकडून ग्रॅपलिंग, म्हणजे धरपकडीचे डाव, घेतले, लबेलने त्याच्याकडून किक घेतल्या. म्हणजे इथेही तेच देणंघेणं. मग ब्रूस ली 1973 मध्ये गेला, आणि 26 जून 1976 ला टोकियोच्या बुदोकानमध्ये बॉक्सर महंमद अली विरुद्ध प्रो रेसलर अंतोनियो इनोकी झालं तेव्हा अलीच्या बाजूने तयारी करून घ्यायला जून री आणि पंच म्हणून जीन लबेल! आणि इनोकी कोण, तर त्याच रिकीदोझानने ब्राझीलहून उचलून आणलेला शिष्य. पंधरा राउंड इनोकी जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, निकाल बरोबरी. लोकांनी तेव्हा शिव्या घातल्या, पण अलीच्या पायांची जी हालत झाली ती बघितली तर त्या लाथा खोट्या नव्हत्या हे कळतं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इनोकी कराचीला गेला आणि समोर अक्रम पैलवान, इमामबक्षचा मुलगा, गामाचा पुतण्या. तिसऱ्या राउंडमध्ये इनोकीने त्याचा हात धरला आणि तोच पेच लावला, ज्याला ग्रेसी किमुरा म्हणतात. अक्रमने हार मानली नाही, हात निकामी झाला आणि लढत थांबवावी लागली. अख्ख्या पाकिस्तानात सुतक पडल्यासारखं झालं. तीन वर्षांनी, 1979 ला लाहोरमध्ये, अक्रमचा पुतण्या झारा उभा राहिला, वय जेमतेम एकोणीस, पाच राउंड झाले आणि इनोकीने स्वतः झाराचा हात धरून वर केला. झारा तरुणपणीच वारला. पुढे म्हातारा झालेला इनोकी परत पाकिस्तानला गेला तेव्हा झाराच्या पुतण्याला आपल्याबरोबर जपानला घेऊन गेला, शिकवायला.